डिंक्याची घडीपत्रिका ऐकताना

नागपूर परिसरातील संत्रा बागायतदारांसाठी घडीपत्रिका लिहून छपाईला देण्याचे काम मी गेली काही वर्षे करते. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी तो संगणकाकडून वाचून घ्यायचा, ही सवय मला अलीकडे लागली. मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे आणि मराठीसाठी आरोही व मनोहर असे दोन आवाज आहेत. वेग थोडा कमी करून मी बहुधा मनोहरचा आवाज लावते. स्वतःचे लेखन वाचताना गळलेला शब्द डोळा परस्पर भरून घेतो, आणि आपणच मोठ्याने वाचले तर नेमक्या शब्दावर जोर देऊन डळमळीत वाक्यही सावरून नेतो; यंत्राला अर्थाशी देणेघेणे नसल्यामुळे ते अशी मदत करत नाही. शिवाय आमच्या पत्रिका गावात पुष्कळदा एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, त्यामुळे वाक्य कानावर कसे पडते हे तपासणे माझ्या कामाचाच भाग आहे.

मे महिन्यातील ज्या दुपारविषयी लिहिते आहे, त्या दिवशी संत्र्यावरील डिंक्या रोगाची पत्रिका हातात होती. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे बुंध्याची साल कुजते व तिच्यातून डिंक पाझरतो. पावसाळ्यापूर्वी बुंध्याला बोर्डो मलम (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, चुना व पाणी यांचा लेप) लावायचे असल्याने मजकूर लवकर जाणे गरजेचे होते. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून तो बंद केला. नागपुरात मे महिन्यात हा निर्णय सहकाऱ्यांच्या गळी उतरवणे सोपे नसते.

आवाज शांतपणे वाचत होता: ‘बुंध्याची रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढावी व ती १ टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुऊन तिच्यावर बोर्डो मलम लावावे.’ आमच्या कार्यालयातील शिपाईभाऊ, ज्यांच्या घरची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, फायली घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, काढलेली साल धुवाची काहून? ते तं फेकून द्या लागते ना!” वाक्याच्या व्याकरणाप्रमाणे धुवायची होती ती सालच, जखमेचा त्यात उल्लेखच नव्हता. मसुदा तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला होता, परंतु त्यांना जखम आधीच ठाऊक असल्याने ती सर्वांना वाक्यात दिसत होती. त्या एका वाक्याची मी तीन वाक्ये केली: साल काढून बागेबाहेर नेऊन जाळावी, उघडी पडलेली जखम द्रावणाने धुवावी, ती सुकल्यावर मलम लावावे.

त्यानंतर प्रमाणाची ओळ आली. त्याच घटकांच्या फवारणीच्या पातळ मिश्रणासाठी १:१:१०० आणि मलमासाठी १:१:१० असे एकाच ओळीत छापण्याची आमची जुनी पद्धत आहे. कागदावर ती नेटकी दिसते, मात्र कानांनी ऐकताना आकड्यांची नुसती माळ सरकून जाते. त्यात पाणी कोणते आणि मोरचूद कोणते हे कळत नाही, आणि ‘मिश्रण’ व ‘मलम’ हे शब्द इतके शेजारी येतात की दहापट पाण्याचा फरक कुणाच्याही हातून निसटावा. दोन्ही प्रमाणे वेगळ्या परिच्छेदांत, १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि इतके लिटर पाणी अशी पूर्ण शब्दांत लिहिली. ‘करण्यात यावे’ची ठिगळेही ऐकताना असह्य झाली, म्हणून तीही उसवली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र या पद्धतीत सापडत नाहीत, कारण ‘आणि’ ऱ्हस्व लिहा की दीर्घ, कानाला ते सारखेच लागते. तेवढ्यासाठी छापील प्रतीवर पेन्सिल घेऊन बसावेच लागते.

पत्रिका हाती यायला अवकाश असल्याने सुधारलेला मजकूर यंत्राच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून शिपाईभाऊंनी वडिलांना पाठवला. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. बोलणे समजले, असे त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले, “मिश्रण जमलं का नाही, हे पाहाचं कसं, ते नाही सांगितलं त्या माणसानं?” चकचकीत लोखंडी पाते मिश्रणात बुडवावे, त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे उरले आहे असे समजावे आणि तो थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत राहावे, ही पद्धत त्यांना पाठ होती आणि आमच्या मसुद्यात ती नव्हती. तज्ज्ञांना विचारून मी तो परिच्छेद वाढवला, पुन्हा ऐकला, आणि ‘तांबूस थर’ कुठे चढतो हे ऐकताना नीट कळावे म्हणून ‘त्यावर’ खोडून ‘पात्यावर’ केले.