नव्वद टक्के झालंय म्हणे!

आज शिरोलीत मिटिंग. फौंड्रीचं नवं सॉफ्टवेअर सलग तिसऱ्या वर्षी 'नव्वद टक्के' झालंय. स्टोअरचे मामा अजून लाल वहीतच कास्टिंग मांडतात, कारण स्क्रीनवरचा स्टॉक रॅकवर सापडत नाही. तरी साहेबांनी आणखी सहा महिने दिले. "एवढं घातलंय, आता सोडायचं कसं भावा?"

घातलेला पैसा तर गेलाच की! पण बंद केलं तर चूक कबूल करावी लागते, चालू ठेवलं तर नुसता उशीर दिसतो.

अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळावर हेच. बॅगांच्या स्वयंचलित यंत्रणेपायी उद्घाटन सोळा महिने लांबलं. १९९५ ला विमानतळ उघडला, २००५ ला यंत्रणा बंद. हे मिटिंगमध्ये बोलणार होतो. पण सॉफ्टवेअरची शिफारस माझीच.

निघताना मामांनी नवी वही मागितली. गुमान सही केली.