आर्टेमिया आणि बेळगावचा गारठा

आज बेळगावात गारठा होता, आणि चोवीस तास उलटले तरी आर्टेमियाची, म्हणजे माशांच्या पिलांना खाऊ घालतात त्या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी फुटली नाहीत. पाणी थंड पडलं की असंच होतं; 26 ते 28 अंश हवंच. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम जाडं मीठ, 1 ग्रॅम खायचा सोडा, अंडी 2 ग्रॅमपेक्षा जास्त नकोत, तळातून हवा, वर दिवा.

पण अंड्यांच्या डब्यातली जात कुणीच विचारत नाही! तुतिकोरिनच्या मिठागरांतली मूळ आर्टेमिया नराविना वाढते, सगळ्या माद्याच. बाजारातली बहुतेक अमेरिकेची फ्रान्सिस्काना जात, तिला नर लागतो. तीच आता आपल्या मिठागरांत शिरून मूळ जातीला हुसकावते आहे. सुकी अंडी वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून गोव्याकडे जाताना उरलेली अंडी कृपा करून खाजणात, म्हणजे भरतीचं खारं पाणी येतं त्या सखल जमिनीत, टाकू नका. उकळत्या पाण्यात घालून मारा.