ठिय्या आणि १३५१ चा कायदा

नागपुरात सकाळी आठच्या सुमारास एखाद्या मोठ्या चौकात घमेले, फावडे, थापी घेतलेली माणसे कामाची वाट पाहत उभी दिसतात. याला आपण ठिय्या म्हणतो. मजुरांनी आपली अवजारे हातात उघड धरून बाजारगावी यावे, सार्वजनिक जागीच काम ठरवावे, गुपचूप सौदा करू नये, असा दंडक इंग्लंडमधील १३५१ च्या मजूर कायद्याने घातला होता. आडून ठरलेली मजुरी वाढत जाते, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक असावे.

या कायद्याच्या मुळाशी प्लेग होता. ऑक्टोबर १३४७ मध्ये जिनोव्हाची जहाजे सिसिलीतील मेसिना बंदराला लागली, पुढच्या उन्हाळ्यात साथ इंग्लंडला पोहोचली, आणि काही वर्षांत युरोपातील निदान एक तृतीयांश, अनेकांच्या मते निम्मी, माणसे गेली. (सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये ज्या रोगाने गेल्या, तो हाच.) ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची आवई उठली आणि फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले.

जमीन मात्र होती तेवढीच राहिली, आणि ती कसणारे हात उरले नाहीत. मजूर जास्त मागू लागले, मिळाले नाही तर दुसऱ्या गावी जाऊ लागले. काटोलकडचा संत्राबागायतदार किंवा कापूस वेचणीच्या दिवसांतला शेतकरी ‘मजूर भेटत नाही, भेटला तर भाव सांगतो’ म्हणतो, तीच तक्रार तेव्हाच्या जमीनदारांनी राजदरबारी नेली. फरक इतकाच, की त्यांच्या हाती कायदा होता. मजुरी साथीपूर्वीच्या दराला बांधण्यात आली: गवत वाळवणाऱ्याला दिवसाला एक पेनी, कापणी करणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन आणि दुसऱ्या आठवड्यात तीन, तेही जेवणाखाण्याविना. न ऐकणाऱ्यांसाठी गावोगाव पाय अडकवायचे लाकडी खोडे उभारायचा हुकूम निघाला. माणसे पटापट मरत असताना राज्यकर्त्यांना सर्वांत आधी मजुरीचा दर सुचावा, याचे मला आश्चर्य वाटत नाही, चीड मात्र येते.

कायदा पुरता टिकला नाही, कारण पीक शेतात उभे असताना जमीनदारच चोरून जास्त देत. १३८१ मध्ये माणशी एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी, डोईपट्टीची वसुली सक्तीने होऊ लागली तेव्हा केंट आणि एसेक्समधील लोक उठले, वेठीच्या नोंदी असलेली दप्तरे त्यांनी जाळली आणि ते लंडनमध्ये शिरले. त्यांचा म्होरक्या वॉट टायलर चौदा वर्षांच्या राजासमोर बोलणी करताना मारला गेला, आणि राजाने दिलेली वचने मागे घेतली गेली. तरीही पुढच्या शतकभरात इंग्लंडमधील वेठ, कोणताही कायदा तिला रद्द न करता, विरत गेली. मध्य युरोपातल्या एल्बे नदीच्या पूर्वेला मात्र पुढे उलटेच घडले: तिथल्या सरदारांनी शेतकऱ्यांना गाव सोडायलाच बंदी केली.