आखाजीच्या आदल्या दिवशीचा युफोनियम

माझं काम खरंतर रेडिएटरचं. अमळनेरला छोटं दुकान आहे, ट्रॅक्टर-पिकअपच्या गळक्या रेडिएटरला डाख द्यायचा. आता बऱ्याच गाड्यांना अल्युमिनियमचे आले त्यामुळे धंदा बसलाय, पण पितळेवर हात बसलेला म्हणून बँडवाले येतात, कुणाचा ट्रम्पेट चेपलेला, कुणाची नळी सुटलेली, तेवढाच आधार.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी शटर उघडत होतो तर एक पोरगा गोणपाटात युफोनियम, म्हणजे बँडमधला जाड आवाजाचा पितळी बाजा, गुंडाळून उभा, सोबत त्याची आजी. दुसऱ्या दिवशी दोन वराती, बँडच्या मालकाने जादाचा बाजा खुंटीवरून काढून याला दिलेला, गेल्या सीझनपासून तसाच लटकलेला मेरठचा जुना पीस. काळा पडलेला बघून आजीने घागर घासतात तसा घासून काढला. चिंच, राख, वरून कढत पाणी. बाहेरून एवढा चमकत होता की काय सांगू, फक्त आवाजच नव्हता.

"काय झाये?" मी विचारलं.

"वाजतच नई शे काका." पोराने फुंकून दाखवलं, गाल फुगले, डोळे लाल, बाहेर फुस्स पण नाही. मालक म्हणे हजार रुपये पगारातून कापतो. आजी पदर तोंडाशी धरून एकच म्हणत होती, "कसाले घासं मी!"

तिच्यावर रागवून काय फायदा. घरोघरी हेच चालतं. पितळ आंबटाने उजळतं हे खरंच, पण बाजावर लॅकरचं पारदर्शक पॉलिश असतं, ते गरम पाण्याने आणि घासण्याने पापुद्रे धरून निघतं, मग उघडं पितळ चार दिवसात परत काळं. आणि राख! सूर बदलायला बोटाने दाबतात तो पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यामध्ये केसाएवढी पण जागा नसते, त्यात राखेचा एक कण गेला की चरे.

पिस्टन काढायला घेतले तर तिसरा अर्ध्यात अडकलेला. पक्कड लावायचा मोह होतो, लावायचा नाही, नळकांडं दबलं की संपलं. बुचं काढून शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि चहा पिऊन आलो, मग बोटानेच निघाला. बघतो तर त्यावर नंबर 1. म्हटलं सापडलं! पोराने पुसताना पहिला आणि तिसरा अदलाबदल केलेले. दिसायला सारखेच असतात पण भोकं वेगळी, दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड, म्हणून नळ्यांची लांबी पण तशी. कंपनी नंबर ठोकून देते ते उगाच नाही. जागेवर बसवले, खाचेत टक्क वाजेपर्यंत फिरवले, पोराला म्हटलं फुंक.

काहीच नाही.

आता मला पण घाम. पत्र्याखाली 44-45 तर असेलच. सगळे पिस्टन परत काढले, फेल्टच्या चकत्या भिजून फुगल्या होत्या त्या सावलीत ठेवल्या आणि तोंडाकडच्या नळीत कोमट पाणी ओतलं. पाणी पिस्टनच्या नळकांड्यांकडे उतरायला पाहिजे, ते तसंच उलटं माझ्या शर्टवर. म्हणजे नळीतच काहीतरी अडकलेलं.

बारीक कामाला मी पडद्याची स्प्रिंग वापरतो, टोकाला मऊ कापड पक्कं शिवलेलं (नुसतं बांधलं तर आत सुटतं, मग ते काढत बसा, झालंय माझ्याकडून). ती वीतभर गेली आणि थांबली. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी भरून अर्धा तास उभं ठेवलं, परत स्प्रिंग, परत पाणी, असं चार वेळा, आणि मग भसकन लाल गाळ आला आणि त्यात मातीचे तुकडे, एक तुकडा फोडला तर आत दहा-बारा वाळलेले कोळी.

कुंभारमाशीचं घर! पावसाळ्यात माऊथपीस काढून खुंटीला टांगलेला, तिला आयती नळी मिळाली. ती कोळ्यांना डंख मारून पिल्लांसाठी कोंबून ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. आजीने कितीही घासलं असतं तरी तिथे हात पोचणारच नव्हता.

मग पटापट केलं. सगळं धुतलं, पुसलं, सूर जुळवायच्या नळ्यांना व्हॅसलीन लावलं आणि पोराला दाखवलं की नळी ओढताना तिचा पिस्टन दाबून धर, नाहीतर आत पोकळी होऊन नळी अडते. रोज वाजवून झालं की थुंकी काढ, महिन्यातून एकदा कोमट पाणी, बाहेरून कोरडं फडकं, बस.

दुपारी दोनला त्याने फुंकलं आणि एवढा जाड सूर निघाला की समोरचा पंक्चरवाला हातात ट्यूब घेऊनच उठून आला.

आजीने कागदावरचे कोळी बघितले आणि हळूच विचारलं, "मंग मना हातथून नई ना बिघडनं, भाऊ?"

"नाही मावशी, सगळं त्या माशीचं काम."

तिसऱ्या पिस्टनला राखेचे दोन चरे होते, दाबला की जरासा रेंगाळत होता. मी त्याला तेल जरा जास्तच घातलं आणि उरलेली कुपी पोराच्या खिशात टाकली.