झाडीतला पंख

बुधवार, रात्री

आज भिंग घेऊन डच चित्रकार रेम्ब्राँटचं ‘इजिप्तकडे पलायन’ पुन्हा पाहिलं. १६५२च्या आसपासचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लानं रेषा कोरून काढलेला छापा. उजवीकडच्या झाडीत एका मोठ्या पंखाच्या रेषा आहेत. एकदा दिसल्या की डोळा तिथून हलत नाही.

पंख हर्क्युलिस सेगर्स या त्याच्या आधीच्या डच चित्रकाराच्या देवदूताचा. हा माणूस रंगीत शाईनं, रंगवलेल्या कागदावर, अगदी कापडावरही छापे काढायचा. त्याची टोबियास (बायबलच्या कथेतला, देवदूतासोबत प्रवास करणारा तरुण) आणि देवदूताची तांब्याची प्लेट पुढं रेम्ब्राँटच्या हाती आली. त्यानं त्या दोन थोराड आकृती खरवडून काढल्या आणि तिथं झाडं नि गाढवावरून निघालेलं छोटंसं पवित्र कुटुंब, म्हणजे मेरी, जोसेफ आणि बाळ येशू, घातलं. बाकी प्रदेश सेगर्सचाच ठेवला.

तांबं महाग म्हणून, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. तांबंच वाचवायचं तर सगळी प्लेट साफ केली असती, नाहीतर मागची बाजू वापरली असती. खोल रेषा काढायची म्हणजे आधी स्क्रेपरनं खरवडायचं, मग बर्निशरनं घासून गुळगुळीत करायचं, मग पडलेला खड्डा मागून ठोकून वर आणायचा. जस्तावर टीचभर जागा पुसताना माझा खांदा भरून येतो. एवढी यातायात माणूस उरलेल्या भागाच्या प्रेमापोटीच करतो. १६५६ साली दिवाळखोरीत केलेल्या यादीप्रमाणे रेम्ब्राँटच्या घरात सेगर्सची ८ चित्रं होती.

गंमत म्हणजे त्या आकृती सेगर्सच्याही नव्हत्या. एल्सहायमर या जर्मन चित्रकाराच्या चित्रावरून हेन्ड्रिक गाउटनं १६१३ साली एन्ग्रेव्हिंग (धातूवर हत्यारानं कोरून काढलेला छापा) केलं होतं, त्यावरून सेगर्सनं त्या उचलल्या. मागचा खोल उतरत जाणारा मुलूख मात्र बराचसा त्याचा स्वतःचा. म्हणजे रेम्ब्राँटनं उसनं तेवढं पुसलं आणि सेगर्सचं अस्सल ते राखलं! हे त्यानं जाणून केलं की नुसत्या नजरेनं, कोण सांगणार. मला नजरेनंच वाटतं.

प्रभाव, प्रेरणा वगैरे शब्द आम्ही कॅटलॉगमध्ये फार सैल वापरतो. इथं तर दुसऱ्याच्या रेषेवर थेट हत्यार चाललंय.

आणि याच रेम्ब्राँटनं पुढच्या काही वर्षांत मुघल लघुचित्रांवरून, आशियाई कागदावर, पेनानं रेखाटनं केली. त्यातली २३ उरली आहेत. तिथं तो किती जपून वागतो! जहांगीर, शहाजहान, त्यांचे पेहराव, सगळं शिकाऊ पोरासारखं निरखून उतरवलेलं. सेगर्सशी घेतली तेवढी सलगी त्यानं तिथं घेतली नाही.