रिपीटर बंद ठेवून केलेला सराव

आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबच्या उपक्रमांत मला आपत्कालीन सराव सगळ्यात जवळचा वाटतो. त्या दिवशी आम्ही रिपीटर (उंचावरून संदेश पकडून पुढे पाठवणारा रेडिओ संच) मुद्दाम वापरत नाही, कारण खऱ्या संकटात तो टिकेलच असं नाही. आम्ही वापरतो त्या दोन मीटर बँडच्या (सुमारे दोन मीटर लांबीच्या) रेडिओ लहरी साधारण नजरेच्या टप्प्यातच पोचतात. म्हणून डोंगराआडच्या केंद्राचा निरोप मधल्या कुणीतरी ऐकून, लिहून पुढे द्यावा लागतो. औषधाचं नाव असेल तर एकेक अक्षर फोडून: A साठी अल्फा, B साठी ब्राव्हो, C साठी चार्ली. निरोप उतरवून घ्यायचं काम शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा शांतपणे करतात, हे मी अभिमानानं सांगते. त्यांना आम्ही १४५.८०० मेगाहर्ट्झवर अवकाश स्थानकही ऐकवतो. ते एका फेरीत क्षितिजाच्या वर जेमतेम १० मिनिटं असतं! पुढच्या सरावाला नोंदी लिहायला माणसं हवी आहेत. त्यासाठी परवाना लागत नाही, जरूर या.