मामांनी गॉगल काढला तेव्हा

आमच्या वॉर्डात पेशंट खवळला की पहिली हाक मामांना, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयना जाते. तालमीत कमावलेलं शरीर, त्यामुळं रात्रपाळीला ते असले की आम्हा सिस्टरांना धीर वाटतो. मी कोल्हापुरात मानसोपचार विभागात नर्स आहे.

त्या दिवशी चिडलेल्या पेशंटला कसं सांभाळायचं याच्या ट्रेनिंगला व्हीआरचे हेडसेट आले, डोळ्यांवर लावले की आपण त्या प्रसंगातच उभे आहोत असं वाटतं. सगळे त्याला गॉगलच म्हणत होते. आधी आपण आपल्याच जागी असतो. समोर एक तरुण मुठी आवळून येरझाऱ्या घालतोय. दार अडवलं की तो जास्त बिथरतो. जरा बाजूला सरून, हात त्याला दिसतील असे ठेवून एकानंच हळू बोललं, की त्याचा आवाज खाली येतो. जमलं नाही तर पुन्हा करून बघायचं. खऱ्या माणसावर असा सराव कसा करणार?

नंतर आपण पेशंट होतो. पलंगावर आडवे, कानात कुणाची तरी कुजबुज, वर वाकलेले पाच-सहा चेहरे. एक म्हणतोय "शांत व्हा", दुसरा "हात सोड", तिसरा "इंजेक्शन आणा". मामांनी मध्येच गॉगल काढला. कपाळावर घाम होता.

"ओ सिस्टर, ह्यातलं कुणाचं ऐकायचं माणसानं?"

थोडं थांबून म्हणाले, "पट्टा बांधताना पोरं आईला हाक मारत्यात. मी तोंडाकडं बघतच न्हाई."

सगळे गप्प झाले. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. पेशंटला पलंगाला बांधायच्या पट्ट्याचा त्रास बांधणाऱ्यालाही होतो. मग त्याबद्दल बोलायची सोय वॉर्डात नको?

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम 97 मी तिथंच वाचून दाखवलं. पेशंटला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल, तरच बांधायचं. तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं, गरजेपुरतंच, सतत देखरेखीखाली. कारण आणि वेळ नोंदवायची, 24 तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाला कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. एका नव्या पोरानं विचारलं, एवढं कडक कशाला? त्याला एरवाडीचं सांगितलं. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत तिथल्या मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली, साखळीनं बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, 28 जण गेले.

मामांचं लक्ष मात्र माणसं कमी असण्याच्या त्या ओळीवरच होतं. ती त्यांनी परत वाचायला लावली.

"मग रातच्याला आम्ही दोघंच असतोय, त्येचं काय?"

गॉगल कुठं उभं राहायचं ते उत्तम शिकवतो, असं ट्रेनिंग दरवर्षी व्हावं. पण चिडलेल्या माणसापाशी अर्धा तास बसायचं तर बाकीचा वॉर्ड बघायला कुणीतरी हवं. रात्रपाळीला तिसरा माणूस मिळावा म्हणून आम्ही अर्ज दिलाय. खाली पहिली सही मामांची आहे. सोबत बांधल्याच्या नोंदी जोडल्यात. त्यातल्या बहुतेक रात्रीच्या आहेत.